अर्जदाराने समक्ष हजर राहावे

"कुत्रं दत्तक घ्यायला अर्ज भरावा लागतो म्हणे!" अनंतराव बर्वे खो खो हसले. "अगं, तीस वर्षं कचेरीत बसून लोकांचे अर्ज परत पाठवलेत मी. माझा अर्ज अडवणारा पुण्यात अजून जन्मायचाय! तू पानं घे, मी कुत्रं घेऊन आलोच!"

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई पानं घ्यायला उठल्या. कुत्र्याची टूम त्यांचीच. अनंतराव निवृत्त झाल्यापासून "घरात तुम्ही एकटेच भुंकता, जरा सोबत होईल" असं त्यांचं म्हणणं होतं.

खडकीच्या पुढे असलेल्या शेल्टरमध्ये अनंतरावांनी सगळ्या कुत्र्यांवरून साहेबी नजर फिरवली. तेवढ्यात एक चिमुकली, तपकिरी पॉमेरियन तुरुतुरु आली, त्यांच्या चपलेवर बसली आणि तिथेच झोपली. अनंतराव वीस मिनिटं पाय न हलवता उभे! डोळ्यांत पाणी आलं. पायाला मुंग्या आल्या म्हणून आलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिचं नावही त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं, सुंठी.

अर्ज सुवाच्य अक्षरात भरून झाला. शेल्टरमधल्या मुलीने तो वाचला आणि ती म्हणाली, "काका, शेजाऱ्यांची सही राहिली. त्यांची हरकत नाही म्हणून."

"मी वरच्या मजल्यावर राहतो. माझ्यावर गच्ची आहे."

"मग खालच्यांची आणा. शनिवारी पाचपर्यंत. हिच्यासाठी आणखी एक कुटुंब थांबलंय."

अनंतरावांचा चेहरा पडला. कारण खालचे म्हणजे यज्ञेश्वर सोमण! नऊ वर्षांपूर्वी अनंतरावांच्या कुंड्यांचं पाणी सोमणांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडलं होतं. सोमणांनी चिठ्ठी पाठवली, 'आपले पाणी आमच्या सांडग्यांवर पडले. — खालचे.' अनंतरावांनी उत्तर दिलं, 'आपले सांडगे आमच्या पाण्याखाली आले. — वरचे.' तेव्हापासून बोलणं बंद.

"जाऊन बोला की सरळ," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"मी? आधी? शक्यच नाही!"

अनंतरावांनी अर्ज सोमणांच्या टपालपेटीत टाकला. शुक्रवारी तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'अर्ज अपूर्ण. अर्जदाराने समक्ष हजर राहावे.'

अनंतरावांनी तो दोनदा वाचला. हा शेरा त्यांचाच होता! याच शब्दांत त्यांनी एकेकाळी कचेरीत आलेला सोमणांचा अर्ज तीनदा परत पाठवला होता.

शनिवारी चार वाजेपर्यंत त्यांनी दम धरला. मग चपलेकडे नजर गेली. ती रिकामी चप्पल त्यांना बघवेना. ते तडक खाली उतरले.

सोमणांनी दार उघडलं. "काय काम आहे?"

"सही."

"आधी सांडग्यांचं."

"चुकलं," अनंतराव पुटपुटले.

"मोठ्याने. सांडगे आमच्या मंडळींचे होते, त्या स्वयंपाकघरात आहेत."

"चुकलं हो वहिनी!" अनंतराव असे ओरडले की समोरच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीत आल्या.

सोमणांनी चष्मा पुसला, पेन शोधलं, सावकाश काहीतरी खरडलं आणि सही केली. साडेचार झाले होते! जन्मभर दुसऱ्याच्या अर्जातलं अक्षरन्‌अक्षर तपासणारे अनंतराव स्वतःचा अर्ज न वाचताच रिक्षात बसले.

शेल्टरमधल्या मुलीने तो मोठ्याने वाचला. "'अर्जदार तापट आहेत. बोलणे तिरकस. मात्र रोज सकाळी कुंड्यांशी फार मायेने बोलतात, हे नऊ वर्षे खालून ऐकत आहे. कुत्री जरूर द्यावी. अर्जदार गावाला गेल्यास ती आमच्याकडे राहील.'" ती हसली. "काका, इतकी चांगली शिफारस आजवर कुणी आणली नाही!"

अनंतरावांनी मान खाली घातली. सुंठी चपलेवर येऊन बसली होती, म्हणून निभावलं.

चौथ्या दिवशी दुपारी सुंठी घरातून गायब! अनंतरावांनी पलंगाखाली पाहिलं, गच्ची पालथी घातली, कुंड्यासुद्धा हलवल्या. शेवटी दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकली. 'आपली कुत्री आमच्या सोफ्यावर आहे. परत हवी असल्यास अर्जदाराने समक्ष हजर राहावे. — खालचे.'

तेव्हापासून सुंठी रोज चारला खाली जाते आणि अनंतराव तिला आणायला समक्ष हजर होतात. तासभर बसतात. सोमणांशी बोलत मात्र नाहीत हं! तत्त्व म्हणजे तत्त्व!

"सुंठे, विचार त्यांना, चहात साखर किती?" सोमण विचारतात.

"सांग गं, दीड चमचा," अनंतराव सुंठीला सांगतात. "आणि म्हणावं, कालचे तळलेले सांडगे उरले असतील तर तेही चालतील."