टेकूची साक्ष

अठरा मार्चला सकाळी अकरा वाजता आमच्या जुन्या जेट विमानाच्या शेपटीखालचा टेकू चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला हजर झाला. हँगरमधून त्याला ट्रॉलीवर मीच आणलं. त्या विमानाची देखभाल माझ्याकडे आहे.

टेकूचं काम साधं. उडताना वैमानिकाने नाक जास्त उचललं, तर शेपटीऐवजी याने धावपट्टीला घासून घ्यायचं. बावीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. त्या आठवड्यात आली. विमान कॅप्टन धनंजय नाडगौडांच्या हातात होतं, आणि त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

अध्यक्षा सबनीसबाईंनी टेकूला पार्ट नंबर आणि नेमणुकीचं वर्ष विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही धावपट्टीला टेकलात, हे मान्य आहे?"

"मान्य आहे. पण साहेबांची चूक नाही. त्यांनी नाक बरोबर उचललं. मीच खाली वाकलो."

"कशासाठी?"

"बावीस वर्षं जमीन नुसती खालून पळत जाते, बाई. एकदा हात लावून बघावासा वाटला."

बाईंनी हे शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. "हा वाकू शकतो?"

टेकूच्या आत जोराचा धक्का बसला की चेपणारी एक नळी असते. स्वतःहून तो तसूभरही हलू शकत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नाडगौडांची विमानं मी पंधरा वर्षं तपासून दिली होती. "बघून सांगावं लागेल," मी म्हणालो.

नाडगौडा उभे राहिले. "बघायची गरज नाही. वेग पुरेसा नव्हता, तरी मी घाईने नाक ओढलं. हा मला वाचवतोय."

"ते माझं कामच आहे," टेकू म्हणाला.

बाईंनी नियमपुस्तिका उघडली, संबंधित पान दोनदा वाचलं. "तुमचं काम शेपटी वाचवणं. वैमानिकाचा इथे उल्लेख नाही."

नाडगौडांना सहा आठवडे पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. टाळाटाळीबद्दल मला ताकीद मिळाली, ती रास्त होती. खोट्या साक्षीबद्दल टेकूला भंगारात काढायचं ठरत होतं, पण तसले टेकू आता कुणी बनवत नाही. म्हणून नळी बदलून त्याला परत जागेवर बसवलं.

मे महिन्यात नाडगौडा कामावर आले. उड्डाणाआधीच्या फेरीत ते शेपटीखाली थांबले. मी शेजारीच होतो.

"पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही," ते म्हणाले.

"आणि टेकलो तर?"

"टेकलो म्हणून सांगायचं."

"बरं, साहेब. पण सावकाश उचला," टेकू म्हणाला.

नाडगौडांनी मान हलवली, माझ्या कागदावर सही केली आणि जिना चढून गेले.