मुरलीभाऊंची साहेबी

"टूडल-पिप!" असं म्हणून भाजीवालीचा निरोप घेणारा माणूस आलापल्लीत एकच आहे, आणि तो आमचा शेजारी आहे. भाजीवाली सिरोंचाकडची, तेलुगू बोलणारी; तिला हा शब्द गोंडी वाटतो. तिच्या बाजूला टोपल्या विकणारा म्हातारा गोंड आहे; त्याला तो तेलुगू वाटतो. दोघंही समजल्यासारखी मान हलवतात आणि मुरलीभाऊ पिशवी खांद्याला लावून ऐटीत निघतात.

मुरलीभाऊंचा जन्म सागवानाच्या डेपोत लाकडांवर हातोड्याचा शिक्का मारण्यात गेला. आता निवृत्त. अंगावर लुंगी-बनियान आणि तोंडात विलायती साहेबाचं इंग्रजी. तेही आजचं नव्हे. टीव्हीवरच्या जुन्या मालिकांत टोपीवाले साहेब चहा पीत पीत खुनी शोधतात ना, तिथलं.

मी बँकेत बदली होऊन इथे आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी कुंपणावरून हाक आली, "आय से, ओल्ड चॅप! नळ येऊन राह्यला, पानी भरून घ्या!" माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

वाक्य कुठलंही असो, पुढे इंग्रजी इंजिन आणि मागे मराठी डबे. "ब्लास्ट इट! लाईन गेली." "गुड हेवन्स! माकडं आली छपराच्या कवेलूवर." एका लग्नात जेवून उठताना त्यांनी नवरदेवाच्या बापाची पाठ थोपटली, "जॉली गुड शो!" बाप बिचारा म्हणाला, "कितीचा हाये?"

"भाऊ, हे इंग्रजी कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"रादर!" ते म्हणाले आणि उगाच आभाळाकडे बघू लागले. माणसाला हौस आहे, झालं, असं मी धरून चाललो. त्यांच्या पत्नी पार्वताबाई या सगळ्यावर कधी हसत नसत, रागावतही नसत.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी पार्वताबाई मागच्या अंगणात सरपण काढत होत्या. त्यांची किंकाळी ऐकून मी कुंपण ओलांडून धावलो. लाकडांच्या ढिगातून साप निघाला होता आणि पायाला चावून पुन्हा ढिगात शिरला होता. मी बाईंना ओट्यावर बसवलं, पाय हलवू नका म्हणून सांगितलं. मुरलीभाऊंनी तोवर अँब्युलन्सला फोन लावला होता.

"आय से..." त्यांनी सुरुवात केली.

"काय?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"गुड ग्रेशस..."

"काका, पत्ता सांगा, पत्ता!"

भाऊंनी डोळे मिटले.

"आ... आ... आला... आलापल्ली." मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "सा... सा... साप चावला. माह्या बा... बायकोले."

मला वाटलं, भीतीनं वाचा बसली. मी फोनसाठी हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही. डेपोची भिंत, पिंपळ, निळं फाटक, सगळं त्यांनी एकेक अक्षर ओढून बाहेर काढलं. गाडी थेट निळ्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "विषाचं एकही लक्षण नाही. बिनविषारी असावा. धोका नाही, पण उद्यापर्यंत इथंच राहू द्या." मुरलीभाऊंनी बाईंच्या अंगावरची चादर सारखी केली. मला तर कारण नसताना हसूच फुटलं.

मग खाटेजवळ बसून मुरलीभाऊंनी मला सांगितलं. त्यालाही बराच वेळ लागला. लहानपणापासून बोलणं अडकायचं. शाळेत पोरं नक्कल करायची, म्हणून शाळा सोडली. डेपोत हातोडा बोलायचा, यांना बोलावं लागत नव्हतं. एके दिवशी टीव्हीतल्या साहेबाची सहज नक्कल केली, तर शब्द सरळ बाहेर आला आणि त्याच्यामागून मराठीही आली.

"दु... दुसऱ्याच्या गळ्यानं बोललो का अ... अडकत नाई," ते म्हणाले.

"मग घरीही इंग्रजीच?" मी बाईंना विचारलं.

"घरी कायले?" पार्वताबाई म्हणाल्या. "घरी हे असेच बोलतेत. रोज."

भाऊ त्यांच्याकडे वळले. काहीतरी विचारायचं होतं. "तु... तुले भ... भ..." शब्द अडला. तो मला कळला होता, आणि मी पटकन पुरवायला तोंड उघडलं.

पार्वताबाईंनी सलाईन नसलेला हात वर करून मला थांबवलं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत त्या निवांत पडून राहिल्या, जणू जगात कुठलीच घाई नव्हती.

"...भूक लागली का?"

"लागली नं," त्या म्हणाल्या.