ओटीपीवाले अण्णा

आमच्या शेजारचे रंगनाथअण्णा पार्सलवरचा कागद बादलीत भिजत घालतात. नाव, पत्ता, फोन नंबर छापलेला तो कागद आधी नखानं सोलायचा, पाण्यात टाकायचा आणि लगदा झाला की शेणखताच्या खड्ड्यात पुरायचा. माझ्या दारातलं रिकामं खोकंसुद्धा ते उचलून नेतात. "बाई, तुमचा नंबर उकिरड्यावर फिरतोय," म्हणतात. मी पुणतांब्याच्या शाळेत शिकवते. माझं घर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण हे अण्णांना सांगून उपयोग नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कुणी काहीही विचारलं की त्यांचा उलटा प्रश्न ठरलेला, "कशाला पायजे?" कोपरगावच्या कापडदुकानात बिल करणाऱ्या मुलीनं मोबाईल नंबर मागितला, तर म्हणाले, "कशाला पायजे? शर्ट मी घालनार हाय. त्याला फोन करायचा न्हाई." एका लग्नात आहेर लिहून घेणाऱ्यालाही हेच ऐकवलं आणि पाकिटावर 'एक शेजारी' एवढंच लिहून आले. नवरीचा बाप आठवडाभर तो शेजारी शोधत होता.

एवढा संशयी माणूस, पण ऑनलाइन खरेदी काही सोडत नाही. त्यासाठी वेगळं खातं काढलंय. जी वस्तू घ्यायची तिच्यापुरतेच पैसे त्यात टाकतात. दुकानाच्या साईटचा पत्ता स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचतात. "एक अक्षर हिकडचं तिकडं झालं तर गाडी भलत्याच गावाला जाती," असं त्यांचं म्हणणं. कार्डाचा नंबर जपून ठेवू का, असं साईटनं विचारलं की 'नको' दाबताना चेहऱ्यावर मोठं समाधान असतं. आणि ओटीपी आला की डोक्यावरून टॉवेल घेऊन आत फोन धरतात. पाहणाऱ्याला वाटावं, सर्दी झालीय, वाफारा घेतायत.

याचं कारण गावाला माहीत होतं. अण्णा एकदा फसले होते, आणि ते स्वतःच चहाच्या टपरीवर साभिनय सांगायचे. "वस्तू मागवली, ती आलीच न्हाई. मग फोन आला. म्हनला, काका, पैसे परत करतो, फक्त आकडा सांगा. मी येडा, चष्मा लावून, नीट सावकाश सांगितला. वर त्याला म्हनलं, लिहून घेतला का रं?" टपरी हसायची. अण्णाही हसायचे. तेव्हापासून पोरं त्यांना ओटीपीवाले अण्णा म्हणतात.

मला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. आख्खी नोकरी ज्यानं हात दाखवणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयानं पाहिलं, तो एका फोनला इतका कसा भुलला?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी पोळ्या करत होते. अण्णांच्या पत्नी कौसल्याकाकू ताक घेऊन आल्या होत्या. तेवढ्यात फोन आला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, लिंक पाठवते, त्यावर पाच रुपये भरा. माझं पार्सल खरंच यायचं होतं. मी पिठाच्या हातानं लिंक उघडणार, तोच काकूंनी मनगट धरलं.

"थांबा बाई. माझ्याशी बी असंच गोड बोलला हुता."

मी फोन खाली ठेवला. "तुमच्याशी?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू सांगत गेल्या. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांची पाठ फार दुखायची. काकूंनी त्यांना न सांगता पाठीचा पट्टा मागवला होता. पट्टा आला नाही, फोन आला. खातं दोघांचं होतं, दुधाचे साठवलेले पैसे त्यातच होते. सगळे गेले.

"दोन दिस मी जेवले न्हाई. हे एका शब्दानं बोलले न्हाईत. ब्यांकेत गेले, चौकीवर गेले, अन् सगळीकडं सांगितलं, मीच आकडा दिला. म्हनले, मला आख्ख्या एसटीनं हसून घेतलंय, मला सवय हाय. तुला कोन हसलं तर तू घराबाहेर पडायची न्हाईस."

"मग टपरीवर इतकं रंगवून कशाला सांगतात?"

"म्हंजी कुनाला दुसरं काय विचारायची गरजच पडत न्हाई."

त्या फोनचं मी पुढं काही केलं नाही. माझं पार्सल दोन दिवसांनी आपोआप आलं.

परवा त्यांच्याकडे गेले तर दोघं ओट्यावर बसलेले. फोन काकूंच्या हातात. त्या घटनेनंतर त्यांनी फोनला बोट लावलं नव्हतं. नातीसाठी त्या स्वेटर मागवत होत्या. अण्णा शेजारी हाताची घडी घालून बसले होते, मधे बोट घालायचा मोह आवरत.

"व्हय, वाच. सावकाश. घाई कुनाला हाय?"

काकूंनी नाव वाचलं, किंमत वाचली, पुढचं बटण दाबलं. फोन वाजला. आकडा आला होता. त्यांनी सवयीनं फोन नवऱ्यापुढं धरला.

"मला नको दावू," अण्णा म्हणाले. "तो आकडा तुझा हाय."

आणि ते वळून भिंतीकडं तोंड करून बसले. काकू एकेक आकडा नीट दाबत गेल्या. सगळं झाल्यावरही अण्णा तसेच बसून राहिले, त्या 'झालं' म्हणेपर्यंत.