फायबरच्या तारेचा आहेर

माणसानं कर्ज काढू नये, आहेर करावा. हे माझं मत आहे आणि मंगळवार पेठेत माझ्या मताला किंमत आहे! बँकेतला पैसा बँक खाते, घरातला पैसा घरातली माणसं खातात. पण चारचौघांत केलेला आहेर कुठं जात नाही. आज ना उद्या तो आपल्या पायानं दारात परत येतो. मी तिसरीपर्यंत शिकले. तेवढ्या शिक्षणावर तीस वर्षं आहेराची वही चालवली. ज्याला आहेर केला त्याचं नाव लिहायचं आणि पुढं एक रेघ ओढायची, झालं. जास्त शिकलेली माणसं जास्त लिहितात आणि नेमकं पाहिजे ते त्यांना सापडत नाही.

तर २००५ साली आमच्या शशिधरला फायबर टाकायची हुक्की आली. शशिधर माझा थोरला, पेठेत घरोघरी टीव्हीची केबल त्याचीच. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, तिच्यातून इंटरनेट पळतं. फोनवरचं इंटरनेट म्हणजे बैलगाडी आणि हे म्हणजे विमान, असं तो जेवतानासुद्धा सांगायचा. विमानाला लागणार होते एक लाख चाळीस हजार. त्याच्याकडं होते साठ. पुण्याच्या व्यापाऱ्यानं तारेचं रीळ सोमवारपर्यंत राखून ठेवलं होतं. सोमवारी पैसे पोचले नाहीत तर ते रीळ केरबा नेणार होता. केरबा पलीकडच्या गल्लीतला केबलवाला. त्याची तार आधी आली की आमची गिऱ्हाइकं त्याच्याकडं, आणि शशिधर दिवसभर घरात माझ्यासमोर बसलेला. हे मला परवडणारं नव्हतं.

आधी तो बँकेत गेला. साहेबानं विचारलं, तारण काय? हा म्हणाला, तार. ती कुठं असणार? दुसऱ्याच्या खांबावर. साहेबानं पाणी मागवलं आणि स्वतःच प्यायला. वर सल्ला दिला की म्हैस घ्या, लगेच कर्ज देतो. हप्ता चुकला तर म्हैस ओढून आणता येते, तार ओढली की तुटते. पतसंस्थेनं दोन जामीनदार मागितले. शशिधरला मित्र दोनच, आणि त्या दोघांनाही जामीन हाच राहिलेला. आमच्या बायकांच्या भिशीत माझा नंबर दिवाळीनंतर होता. शेवटी केरबाच घरी आला. चहा पिऊन म्हणाला, निम्मे पैसे मी घालतो, निम्मी तार माझी. मी विचारलं, कुठली निम्मी, खांबाकडची का घराकडची? पुढचा चहा त्याला दिला नाही.

केरबा गेल्यावर मी वही काढली. चारशे रेघा भरल्या. हल्ली पाकिटात दोनशेच्या खाली कोण घालत नाही. चारशे गुणिले दोनशे, ऐंशी हजार! बँकेच्या साहेबाला जे जमलं नाही ते मी चुलीसमोर बसून बोटावर केलं.

आमची सून शिवांजली पेठ वडगावची, बी.कॉम. झालेली. तिनं वही उलटीपालटी करून बघितली.

"आत्ती, ह्या रेघंत काय काय दिलंय त्ये कुठं लिवलंय?"

"रेघ म्हंजे आहेर, आणि आहेर म्हंजे आहेर. कॉलेजात एवढंबी शिकवत न्हाईत व्हय?"

आता अडचण एकच. आहेर परत यायचा तर घरात कार्य पाहिजे. दारात जाऊन मागितला तर ती वसुली होते आणि आमच्या खानदानात वसुलीला कोण गेलं नाही. घरात लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. आमचे मालक म्हणाले, माझी एकसष्टी करा. म्हटलं, ती दोन वर्षांमागं झाली, तुम्ही झोपला होता. मग मला गच्चीवरची खोली दिसली. आठ बाय आठची, वर पत्रा, आत शशिधरची यंत्रं. तिला तो कंट्रोल रूम म्हणायचा. खोली आहे म्हणजे गृहप्रवेश होतो!

रविवारचा मुहूर्त धरला. पूजेला मठातल्या स्वामींना बोलावलं, मांडव घातला, गोडाला गव्हाची खीर म्हणजे हुग्गी, वांग्याची भाजी, भात-आमटी. चारशे घरं म्हणजे सातशे पानं. खर्च आला बावीस हजार. तो शशिधरच्या साठातून काढला. त्याचं तोंड शिळ्या भाकरीसारखं झालं. म्हटलं, पेरल्याशिवाय उगवत न्हाई, गप बस.

रविवारी सगळी पेठ आली. जिन्यावर रांग लागली, कारण आठ बाय आठच्या खोलीत सातशे माणसांनी गृहप्रवेश करायचा होता. आत एक काळा डबा, त्याच्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. स्वामींनी डब्याला विभूती लावली. ते बघून मागच्यांनी चपला काढल्या. शिवांजली तिथं संगणक लावून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारत होती. खाली एवढं काम पडलेलं असताना! मी दोनदा हाक मारली, तर "आले, आले" म्हणून तिथंच.

मी बसले होते आहेर घ्यायला, नव्या इरकली लुगड्यात. पहिली आली शेजारची चिमणाबाई. माझ्या हातात तिनं एक खण ठेवला. केशरी, हिरव्या काठाचा. म्हटलं, असू दे, पाकीट मागनं काढील. ती पानावर जाऊन बसली. दुसरी आली, खण. तिसरी, खण. चौथ्यानं टॉवेल-टोपी दिली. पाचवीनं स्टीलची वाटी. चिमणाबाईचा खण परत हातात घेतला तर कोपऱ्यावर शाईचा ठिपका. तो ठिपका माझ्याच हातचा! तिच्या लेकीच्या लग्नात, अठरा वर्षांमागं, मीच दिलेला खण.

मी तशीच पंगतीत गेले. "चिमणाबाई, ह्यो खण माझाच की."

"व्हय, तुमचाच." तिनं शांतपणे आमटी ओढून घेतली. "दिलासा तसा जपून ठेवलाय, घडीबी मोडली न्हाई. आम्ही कुणाचं ठेवून घेत न्हाई, शांताक्का."

तीस वर्षं मी काटकसरीनं खण आणि टॉवेल वाटले होते, आणि पेठेतली माणसं इमानदार निघाली. संध्याकाळपर्यंत दोनशे शहाण्णव खण, एकाहत्तर टॉवेल, चौदा वाट्या आणि गृहप्रवेश म्हणून एकोणीस भिंतीवरची घड्याळं जमली. त्या घड्याळांत एकोणीस वेगवेगळ्या वेळा वाजत होत्या आणि एकही माझी चांगली नव्हती. पाकिटांतून निघाले तीनशे एक्केचाळीस रुपये, ते मांडववाला घेऊन गेला. ऐंशी हजारांचा खड्डा मी एक लाख दोन हजारांचा केला होता. शशिधर घड्याळांच्या ढिगाशेजारी बसला होता. मला बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो एकेका घड्याळाचा सेल काढत बसला.

तेवढ्यात शिवांजली जिना उतरून आली. पदरात नोटा.

तिचं वर काय चाललं होतं ते तेव्हा कळलं. चिमणाबाईचा लेक बंगलोरला असतो, त्याचा फोटो शिवांजलीनं फोनच्या लाईनीवर उघडून दाखवला. आधी नुसता भांग आला. चिमणाबाई जेवून परत वर गेली तेव्हा फोटो मिशीपर्यंत पोचला होता. शिवांजली म्हणाली, फायबरनं अख्खा लेक एका क्षणात येईल, हलताना बोलताना दिसेल; वर्षाचे तीन हजार आगाऊ भरा, पहिली तार तुमच्या दाराला. चिमणाबाईनं घरी जाऊन रोख आणून भरले! मला खण आणि सुनेला तीन हजार! मी चिमणाबाईला जाब विचारायला गेले तर म्हणाली, "आहेर येगळा, तार येगळी. आहेर फेडायचा असतोय, तार वापरायची असतीय."

अशी तेहतीस घरं. नव्याण्णव हजार. गिऱ्हाइकाच्याच पैशानं गिऱ्हाइकाकडं तार न्यायची, हे त्या पोरीनं हुग्गीच्या वासात बसून जमवलं, ना बँक, ना जामीन, ना केरबा. मी मनात म्हटलं, पोरगी आमच्या वळणावर चाललीय. तोंडावर म्हटलं, "खाली भांडी पडल्यात."

"घासते," ती म्हणाली. "पर तीन हजार कमी पडत्यात, आत्ती."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शशिधर, मालक, आणि एकोणीस घड्याळं. मी म्हटलं, पंचवीस खण घे, काठाचे देते. शिवांजली हसली नाही. आगाऊ भरणाऱ्यालाच तार, म्हणाली, घरातल्यांनासुद्धा. मी उठले, आत गेले, भिशीला बाजूला काढलेले तीन हजार आणून तिच्या हातात ठेवले. सोमवारी सकाळी शशिधर पुण्याच्या गाडीत बसला.

ते झाल्यावर शिवांजलीनं माझी वही उघडली. नव्या पानावर माझं नाव घातलं, शांताक्का, आणि पेन माझ्यापुढं धरून विचारलं, रेघ ओढता का मी ओढू?

"रेघ नको," मी म्हटलं. "रोख तीन हजार, असं अक्षरात लिही."