दोन पिवळे

मुळेकाकांच्या घरात शिरलेला माणूस हॉलच्या भिंतीसमोर उभा राहिल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. भिंतीवर शेजारी शेजारी दोन फिके पिवळे पट्टे आहेत, फ्रीगंज बाजारातल्या दुकानातून आणलेल्या नमुन्यांचे. काका एकेकावर बोट ठेवतात. "हा कशासारखा आहे? बताओ."

जन्मभर या हिंदी मुलखात रेल्वेत तिकिटं तपासली, आता इथे माधव नगरात घरी बसून उत्तरं तपासतात. "अच्छा-बिच्छा नाही चालणार! कशासारखा?"

दूधवाल्याने दोन दिवस विचार करून डाव्याला "गाय के दूध की मलाई" ठरवलं. कुरिअरवाला उजव्याला "कच्चा भुट्टा" म्हणून सुटला. गॅसवाला "दोनों एक ही हैं" म्हणाला, तर त्याला पाणी पाजून पुन्हा उभा केला.

शेजारी राहणाऱ्या मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग. काकूंची नजर दोन वर्षांपूर्वी पार गेली. भिंत बघणारे घरात एकटे काका. मारा की कुठलाही पिवळा!

परवा ऑफिसच्या घाईत त्यांनी मला धरलं. "सोमवारी पेंटर येणार. जल्दी बताओ." मी वैतागून म्हणालो, "काका, कुठलाही लावा, कुणाला काय फरक पडतो?" त्यांनी धरलेला हात सोडला.

दिवसभर माझंच बोलणं मला टोचत होतं. संध्याकाळी काकूंचा डबा परत द्यायच्या निमित्ताने गेलो. दार उघडंच होतं. काकू भिंतीला तळवा टेकून उभ्या होत्या.

"हा डावा," काका सांगत होते. "गाईच्या दुधाची साय. आणि हा कोवळं कणीस."

"तुम्हाला कसा दिसतो?"

"मला कुठे कळतं गं त्यातलं? मला आपला पिवळा दिसतो."

काकू हसल्या. "अविनाश काय म्हणाला?"

"घाईत होता बिचारा. उद्या सांगतो म्हणाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा टेबलावर ठेवला आणि पट्ट्यांसमोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी रंग नीट पाहिला.

"काकू," मी म्हणालो, "हळदीकुंकवाला तुम्ही एक सुती साडी नेसायच्या बघा, धुऊन धुऊन मऊ झालेली. डावा तसा आहे."

काकूंचा चेहरा उजळला. "मग हाच लावा."

काकांचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. नाकावरचा चष्मा पुसून ते पट्ट्याच्या अगदी जवळ गेले.

"फिर से बताओ," ते हळूच म्हणाले. "कशी होती ती साडी?"