दत्तूतात्यांची आठ जनावरं

भर वैशाखात दुपारचे बारा वाजले की आमचे शेजारी दत्तूतात्या गच्चीवर जात आणि सोलर पॅनेलना ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर भिजवलेली पोती पसरत. मी थापा मारत नाही. मंगळवार पेठेत कुणालाही विचारा.

दुपारची वीज का बनत नाही हे बघायला एकदा सोलरवाला माणूस आला. तासभर खाली वायरी तपासत बसला, मग गच्चीवर गेला आणि आठ पॅनेलवर आठ ओली पोती बघून एकेक उचलायला लागला. वर तात्यांनी त्यालाच झापलं. सकाळपासून राबणारं जनावर दुपारी गार करायचं असतं, एवढंही कळत नसेल तर कसली नोकरी करता, असं त्यांचं म्हणणं. मी भूगोलाचा मास्तर. मीही वर्गात शिकवावं तसं सूर्य, किरण, वीज सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल की मास्तर," म्हणाले, "पर तापत्यात ती."

तात्यांचा सगळा जन्म म्हशींत गेला. पहाटे धारा, मग म्हशी चौकातल्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दूध काढून देणं, दुपारी म्हशी धुणं. लग्न करायला सवड झाली नाही असं ते सांगत. गोठ्याची जागा रस्त्यात गेली, तशा म्हशीही गेल्या. घरात दुसरं माणूस एकच, थोरली बहीण हिराक्का. त्या नर्स होत्या आणि त्यांनीही लग्न केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, हिराक्कांनी गच्चीवर पॅनेल बसवली. तात्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. "आमच्या आक्का आता उनाच्या धारा काढणार," असं ते गल्लीभर सांगत फिरले होते.

दोन वर्षांपूर्वी हिराक्का तीन दिवसांच्या तापात गेल्या. कागद त्यांनी आधीच करून ठेवला होता. घर दोघांचं होतंच, पॅनेल मात्र दत्तूची, असं त्यात लिहिलं होतं.

तेव्हापासून तात्यांना पुन्हा गोठा लाभला. रोज सकाळी बादली आणि घासणी घेऊन ते आठही पॅनेल धूत. आभाळ आलं की "आज पान्हा चोरला" म्हणत. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडायची, ते भाकड ठरलं होतं, पण त्याची धुलाई चुकली नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी नटवतात. तात्यांनी पॅनेलना गोंडे बांधले, मोरपिसं खोचली, आणि शिंगं नाहीत म्हणून खालच्या लोखंडी पायांना रंग लावला. गल्ली पोट धरधरून हसली. मीही हसलो. आज त्याची लाज वाटते.

यंदा पावसाळ्यात तात्या जिन्यावरून पडले आणि गुडघा कायमचा अधू झाला. गच्ची सुटली. पॅनेलवर धूळ साचली, कबुतरांनी संसार मांडले. गडहिंग्लजला दिलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी शैला भेटायला आली, तिनं मामाला आपल्याकडे चला म्हणून खूप विनवलं. मामा हलायला तयार नाहीत. मग निघताना ती चाचरत म्हणाली, मग निदान पॅनेल तरी आमच्या गच्चीवर न्यायची का, इथं खराबच होणार.

तात्या आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. धुवायला गडी लावा, असं मी सुचवलं. परक्या हाताला जनावर पान्हा सोडत नाही, म्हणाले. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"शैलीला फोन लावा मास्तर. न्हे म्हणावं. माझ्यानं सेवा हुईना. नुस्तं दावणीला बांधून ठिवू व्हय?"

टेम्पो आला. पॅनेल एकेक खाली उतरलं, तसं तात्यांनी पायरीवर बसून प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. वायरी मात्र दिल्या नाहीत. जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं, ते आपल्याच घरी ठेवायचं. शैलाच्या नवऱ्यानं हुज्जत घालून पाहिली आणि शेवटी बाजारातून नवी वायर आणली. टेम्पो सुटताना तात्यांनी शैलाला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. फोन वाजला. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो.

"मामा, आज बारा झालं," शैला म्हणाली.

"बरं," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा झालं. बरं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बारा. बरं. मला राहवेना. जुन्या खोडीनं मी म्हणालो, तात्या, वीज तिच्या घरात, मग युनिटचा आकडा तुम्हाला हो कशाला?

तात्या हसले नाहीत.

"आक्का रोज सांजचं त्यो डब्यावरचा आकडा बघायची, आन् जिन्यातनं वरडून सांगायची. दत्तू, आज एवढं झालं. लई कौतिक तिला. सा वर्सं सांगिटलं, मास्तर. मी एकदाबी बरं म्हटलं न्हाय."

चहा तसाच निवला.

परवा दिवसभर आभाळ होतं. फोन आला तेव्हा शैलाचा आवाज पडलेला. मामा, आज तीनच झालं, म्हणाली.

तात्यांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"तीन म्हंजे लई झालं की, आक्का," ते म्हणाले.

शैलानं पलीकडून चूक दुरुस्त केली नाही. "व्हय रं दत्तू," एवढंच म्हणाली.