पहिल्या फोटोला स्थगिती

मुलगी जन्मली तेव्हा तिच्या वडिलांचा कॅमेऱ्याच्या लेन्सचा निर्णय झालेला नव्हता. मुलीने जन्माला यायची जरा घाईच केली, असं त्यांचं प्रामाणिक मत पडलं.

वडील एका कार्यालयाच्या खरेदी विभागात होते. तुलना केल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही, ही तिथली शिस्त. एका साहेबांच्या दुखऱ्या पाठीसाठी त्यांनी खुर्ची इतकी पारखून घेतली, की ती आली तेव्हा साहेब निवृत्त झाले होते. खुर्ची मात्र उत्तम निघाली.

बायकोची मागणी साधी होती. "माझा तान्हेपणीचा एकही फोटो नाही रे. मी कशी दिसत होते, कुणालाच धड आठवत नाही. हिचा एक तरी असू दे. काढ मोबाइलवर."

"पहिला फोटो एकदाच निघतो," वडील म्हणाले, आणि योग्य लेन्स येईपर्यंत घरात मोबाइलवर फोटो काढण्यास त्यांनी अंतरिम स्थगिती दिली. सासूबाईंनी चोरून काढलेला फोटो त्यांनी समोर उभं राहून पुसायला लावला.

"मोबाइलमध्ये नाक फेंदारलेलं येतं, आई."

"नाक तुमच्यावर गेलंय, जावईबापू. त्याला मोबाइल काय करील?"

मग छायाचित्रकारांच्या ग्रुपवर प्रकरण विचारार्थ ठेवलं गेलं. पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्या, लहान खोलीत तीच बरी, असं एका तज्ज्ञाचं मत पडलं. दुसऱ्याने तिला भिकारडी ठरवून पंचाऐंशीची सुचवली. मागचं सगळं कसं लोण्यासारखं धूसर होतं. फक्त लांब उभं राहावं लागतं. खोली लांब नव्हती, म्हणून कपाट बाहेर गेलं, मग पलंग गेला, आणि पलंगामागोमाग बाळंतीणही बैठकीत गेली. तिसऱ्याने मॅक्रो सांगितली. तिच्यात बाळाची पापणी न् पापणी दिसते, अख्खं बाळ तेवढं मावत नाही.

प्रत्येक लेन्स मागून आणून तपासणं आलं. पण झोपलेल्या बाळाला उठवलं की सासूबाई उठत. तेव्हा चाचणीपुरता बाळाच्या जागी एक कोबीचा गड्डा नेमण्यात आला. त्याला टोपी घातली, दुपट्ट्यात गुंडाळलं. कोबी रडत नव्हता, हलत नव्हता, शिस्तीत पडून राहायचा. वडिलांना त्याचा लळाच लागला. एक गड्डा सुकला की स्वयंपाकघरात निवृत्त व्हायचा आणि दुसरा पदभार घ्यायचा.

"अरे, तिच्या मुठी उघडायला लागल्या," बायको बैठकीतून म्हणाली.

"तपासणी चालू आहे."

"ती हसतेय. ते तरी काढ."

"हसू कुठे पळून जातंय का?"

शेवटी पंचाऐंशीची मंजूर होऊन घरी आली. वडिलांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, तर पाळणा रिकामा. मुलगी रांगत त्यांच्या पायाशी येऊन लेन्सचं झाकण चावत होती. त्यांनी कॅमेरा खाली वळवला, पण इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसत नव्हतं.

बायकोने कॅमेरा हातात घेऊन सगळे फोटो पाहिले. कोबी डावीकडून, कोबी उजवीकडून, कोबी खिडकीच्या उजेडात. तिला रडू आलं. "म्हणजे उद्या हिनेही विचारलं, मी कशी दिसत होते, तर दाखवायला काही नाही."

वडिलांनाही वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण निरंक अहवाल पाठवायची त्यांच्या विभागात पद्धत नव्हती. त्यांनी टोपी कपाळावर ओढलेला, मागचं लोण्यासारखं धूसर झालेला एक कोबी निवडला, आणि 'आमची लेक, अगदी पहिल्या दिवसांतली' असं लिहून सगळ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना पाठवून दिला.

भराभर उत्तरं आली. 'किती शांत आहे गं!' 'रंग आजीचा घेतलाय.' 'नाक मात्र अगदी बापाचं.'

तुम्हीही बदाम टाकला होतात. फोटो न उघडता.